मागच्या डाव्या दाराचा पोचा

मंगळवार, ४ मार्च

पोचा आला. शेवटी आलाच! मागच्या डाव्या दाराला, हँडलच्या खाली, चांगला अंगठ्याएवढा. वरून पांढरट ओरखडा. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये पिशवी काढायला त्या बाजूला गेले तेव्हा दिसला.

कालचंच काम हे. काल शेजारी ती भली मोठी गाडी होती, मागे बाळाची सीट. बाळाची सीट दिसली की पुढे जायचं, हा माझा नियम. लांब दारांची गाडी — पुढे. आधीच दाराला चार ओरखडे असलेली — तर पळतच पुढे. शेवटच्या कोपऱ्यात लावायची आणि मग तंगडतोड करत यायचं. पण काल जागाच नव्हती. त्या बाईने बाळ काढताना दार धाडकन उघडलं असणार. आई आहे बिचारी, मान्य. पण माझ्याच दारावर?

नवऱ्याचं वाक्य कानात वाजतंय. 'एक पोचा आला की चावी माझ्याकडे.' गाडी घेतली त्या दिवशी म्हणाला होता, हसत हसत. तो हसत जे बोलतो ते खरं करतो.

रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन खाली उतरतो. मोबाइलचा टॉर्च लावून चारी दारांवरून हात फिरवतो, मी सुजलेला गुडघा तपासते तसा. मनातल्या मनात मी त्याला इन्स्पेक्टर म्हणते. आज गाडी कुंपणाच्या भिंतीला अशी चिकटवली की डाव्या बाजूने मांजरही जायचं नाही. वर आले. आणि काय नशीब! त्याची कंबर धरलीय. कालपासूनच. 'वाकता येत नाही गं, आज राहू दे तपासणी.' देव आहे!

बुधवार, ५ मार्च

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या फिजिओथेरपी खात्याच्या मुख्य त्या, सहसा कुणाला बसा म्हणत नाहीत. आज म्हणाल्या, 'बस.' गावाबाहेर नवं केंद्र उघडतंय — पक्षाघाताचे, अपघाताचे रुग्ण, मोठा हॉल, नवी यंत्रं. ते मी सांभाळायचं. मी! दुसऱ्यांच्या हाताखाली गुडघे वाकवून वाकवून माझीच बोटं वाकडी व्हायची वेळ आली होती.

'बस जात नाही तिकडे. गाडी आहे ना तुझी?'

'आहे,' म्हटलं. माझी! जीभ कशी झडली नाही.

पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगायचंय. आनंदाने नाचायला हवं होतं. मी धुलाईच्या खोलीत जाऊन टॉवेलच्या घड्या घालत बसले.

गुरुवार, ६ मार्च

त्याची कंबर बघितली. स्नायू कुठेच आखडलेला नाही, लोण्यासारखी मऊ पाठ. 'इथे दुखतं?' 'आई गं!' हात दुसरीकडे नेला, 'इथे?' 'तिथेच गं, तिथेच!' पुरुषांचं दुखणं म्हणजे असंच, सगळीकडे न् कुठेच नाही.

खरं तर व्यायाम सांगायला हवे होते. पडून राहू नकोस, हिंड-फीर, असं मी सगळ्या जगाला ओरडून सांगते. त्याला म्हटलं, 'पूर्ण विश्रांती. वाकायचं अजिबात नाही.' त्यानेही शहाण्या मुलासारखी मान डोलावली. माझा रुग्ण बरा होऊ नये म्हणून मी देवाला हात जोडतेय! लाज वाटते. तरी जोडतेच आहे.

शनिवार, ८ मार्च

पोचे काढणाऱ्याकडे जाऊन आले. त्याने मान तिरकी करून बघितलं. 'नुसता पोचा असता तर आत्ता काढला असता, ताई. रंग उडालाय. दोन दिवस ठेवावी लागेल.' दोन दिवस! गाडी कुठंय म्हणून घरी काय सांगू, माहेरी गेलीय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तशीच परत आणली.

सोमवार, १० मार्च

आज तोच म्हणाला, 'भिंतीला चिकटूनच लावत जा. रस्त्यावरून जाणारे सायकलवाले घासतात.' एवढा समजूतदारपणा याला कुठून सुचला!

मंगळवार, ११ मार्च

आज गाडीबाहेरच अडकले. एका आजोबांच्या घरी व्यायाम देऊन बाजाराजवळच्या पार्किंगमध्ये परत आले, तर दोन्ही बाजूंनी गाड्या खेटून उभ्या. दार उघडावं तर शेजारच्या गाडीवर आपटणार. म्हणजे आता मी दुसऱ्या कुणाला पोचा द्यायचा? शेवटी डिकी उघडली. युनिफॉर्ममध्ये, पिशवी पुढे फेकून, सीटवरून रांगत रांगत आत. पार्किंगवाला धावत आला. 'ताई, काही हरवलं का?'

'हो, अक्कल,' म्हटलं. तो हसला. मीही हसले.

मग स्टिअरिंगला कपाळ टेकून रडले. किती भिते मी! पत्र्याला भिते. दुसऱ्यांच्या पोरांना भिते. कामाला निघताना रुग्णाचा विचार नाही, शेजारी कोण गाडी लावेल याचा. घरी शिरताना भिंत. घरात तो. श्वास घ्यायला जागा उरली नाही मला. आणि हे सांगायचं कुणाला? 'दाराच्या पोच्यापायी रडतेस?' म्हणतील. म्हणतीलच.

बुधवार, १२ मार्च

जेवताना विचारलं त्याला. केंद्राचं सगळं सांगितलं.

तो म्हणाला, 'तुझं कौतुकच आहे. पण रोज गावाबाहेर गाडी? नवं पार्किंग, नवे शेजारी? आजवर एक डाग लागू दिला नाहीस, म्हणून सांगतो. नशिबाला कशाला डिवचतेस? आणि एकदा का लागला, तर ठरलंय ते ठरलंय.'

सासरे समोरच होते. भाताचा घास हातात तसाच. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. 'मीठ कमी झालंय का?' म्हणाले. मीठ बरोबर होतं.

घास गिळला मी. एक डाग लागू दिला नाहीस म्हणे! याला कळलं तर चावी जाणार. मग केंद्रही गेलं आणि आहे त्या नोकरीलाही रोज दोन बस बदलून जायचं.

शुक्रवार, १४ मार्च

नाही म्हणून आले.

मॅडमनी चष्मा काढला. 'का गं?'

'घरची अडचण आहे.'

'अडचणीला नाव असतं.'

पोचा, असं कसं म्हणायचं त्यांच्यासमोर! त्यांनी चष्मा परत लावला. 'सोमवारपर्यंत मी दुसरं नाव पाठवत नाही,' म्हणाल्या. मी थँक्यूही म्हटलं नाही. बाहेर येऊन एका आजींचा खांदा फिरवत बसले. 'हळू गं बाई,' आजी ओरडल्या.

शनिवार, १५ मार्च

सकाळी तो पलंगाखाली ओणवा होऊन चप्पल शोधत होता. मला बघताच, 'आई आई गं!' म्हणजे बरा होत चालला! आता एक-दोन दिवसांत तपासणी. मेले मी.

रविवार, १६ मार्च

सासऱ्यांचा नवा चष्मा आणायला दोघंच गेलो. दुकानासमोर लावली. मी त्यांच्या बाजूचं मागचं डावं दार उघडायला गेले तर काचेतूनच हात नाचवायला लागले.

'हळू, हळू! लोखंडी खुंट आहे तिथे. मागच्या खेपेला, त्याची कंबर धरली त्याच संध्याकाळी, नंबर काढायला आलो तेव्हा त्याने असंच दार ओढलं न् आपटलं की धाडकन.'

'कुणी, बाबा?'

'कुणी म्हणजे? तुझ्या नवऱ्याने. म्हणाला, तिला सांगू नका, मग तिला माझा धाक राहणार नाही. मला वाटलं, तुला कळलंय आणि तूच पोटात घातलंयस. रोज ती बाजू भिंतीला लावतेस ना.' मग खाली बघून म्हणाले, 'त्या दिवशी जेवताना बोलायला हवं होतं मी. चुकलंच माझं.'

घरी आले. तो पलंगावर पालथा. 'जरा कंबर बघतेस का गं?'

'ऊठ,' म्हटलं.

माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि उठला. एका झटक्यात, सरळ!

त्याला तिथेच उभा ठेवला आणि मॅडमना फोन लावला.