सात मात्रांची सुरुवात

प्रिय धाकट्या,

आधी बातमी, ख्यालीखुशाली नंतर. आपल्या बँडचा अल्बम होतोय! खराखुरा, नऊ गाण्यांचा. आणि तो सुरू कशानं होतो, माहितेय? तुझ्या त्या सात मात्रांच्या धुनेनं. साडेपाच मिनिटं, एकही शब्द नाही. हसू नकोस, पूर्ण वाच.

झालं असं, की परवा दुपारी आम्ही स्टुडिओत पोचलो आणि आपल्या गायिकेचा आवाज पार बसलेला. ती बिचारी गरम पाण्याचे घोट घेत कोपऱ्यात बसली. रेकॉर्डिस्टकाका वैतागून म्हणाले, "माईक लावलेत, काहीतरी वाजवा तरी." लंबूनं बेसवर सहज तुझी धून काढली. सहा वर्षांनी! माझ्या हातांनी आपोआप ड्रमवर ताल धरला. चौथ्या फेरीला कीबोर्ड शिरला आणि मग कुणी थांबेचना. लंबू तर असा डोलत होता, की वायरीत पाय अडकून पडता पडता वाचला. संपलं तेव्हा काचेपलीकडे काका डोक्याला हात लावून बसलेले. मला वाटलं, वाट लागली! तर स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "पोरांनो, अल्बम इथूनच सुरू होतो."

मी सवयीनं म्हणाले, यावर शब्द बसवू. तेव्हा गायिकेनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या नाकासमोर धरलं, "मी यावर गाणार नाही. यात शब्दांना जागाच नाही." तूही अगदी हेच म्हणाला होतास. आणि मी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की बिनशब्दांचं ऐकायला कोण थांबणार, आणि तू गेलास तरी कुणाचं काही अडणार नाही. तू गिटार पिशवीत भरलीस आणि गेलास. आई अजून विचारते, तुमचं नेमकं बिनसलं कशावरून. मी दरवेळी विषय बदलते.

अडलंय रे. मधली चाळीस सेकंदं तुझी गिटार चढत जायची, तिथं आम्ही नुसता ताल धरून बसलोय. दुसऱ्या एका गिटारवाल्याला बोलावलं. त्यानं बोटं छान फिरवली, पण ऐकताना मला रडू फुटलं. चूक माझी होती. हे पत्र सहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. शनिवारी दुपारी दोनला पुन्हा स्टुडिओ मिळालाय. काकांनी विचारलं, गिटारवर कोण येणार? तुला न विचारताच मी सांगून बसलेय, माझा भाऊ.

तुझीच,
ताई