चौदे औट एकूणपन्नास

७ जानेवारी १९७५, मंगळवार

आणि वर म्हणे बबननंच शाळा सोडली. सोडली न्हाई, सोडवली. चौथीत होतो. आबा बांधावर पुढं, मी मागं, औटकीचा पाढा म्हणत. सत औट म्हणताना अडखळलो की पाठीत धपाटा. लावणीच्या चिखलात कुणाला साडेचोवीस आठवतील? म्हणून पळालो. ह्यात माझी चूक किती आणि त्यांची किती, हे गावाकडं पासलीत कुणी विचारत न्हाई. सगळे आबांकडून.

आज शिवऱ्याचा नाना ट्रक घेऊन मुंबईत आला होता, मार्केटात कांदा उतरवला. त्याच्या तोंडून आबांचा निरोप: "एकाला शिकवाया गेलो, त्यो पळाला. आता पोरीवर खर्च न्हाई." म्हणजे माझा राग धाकट्या बहिणीवर, हौशीवर. वरवे बुद्रुकचं स्थळ आलंय. हौशी नववीत. भोरला आत्याकडं राहून शिकते. वर्गात पहिली. वैशाखात उरकू म्हणतात.

नानाला म्हणालो, आबांना सांग, माझं नाव पुढं करून पोरीचा गळा कापू नका.
नाना म्हणाला, "तूच यिऊन सांग की. मी डायवर हाय, वकील न्हाई."

१० जाने. शुक्र.

हिंदू कॉलनीत दोन अँटेना बसवल्या. कादरभाई मिस्त्री खाली टीव्हीपाशी, मी गच्चीवर दांडा फिरवतो. "आलं का?" "आलं... गेलं! अरे मागं घे मागं!" दिवसभर हेच. ज्यांच्या घरी बसवतो ते चहा देतात, पण टीव्ही बघायला बसा म्हणत न्हाईत. सहा महिने झाले ह्या दुकानात. टिकलो म्हणायचं. त्याच्या आधी छापखाना, त्याच्या आधी बर्फाचा कारखाना. सुरतेला एकजण चल म्हणतोय. जाईन बहुतेक.

१४ जाने. संक्रांत

नाना परत आला. तिळगूळ आणला आत्याचा, निम्मा त्यानंच वाटेत खाल्ला. बातमी मात्र भारी.

हौशी टीव्हीवर येणार!

शाळांचा खेळ आहे. अक्षरं देतात, त्यातून लांबात लांब शब्द करायचा. काना मात्रा आपले आपण लावायचे. मग आकडे देतात, त्यातून सांगतील तो आकडा जमवायचा. भोरच्या शाळेतून हौशी निवडली. समोर मुंबईचा कुणी पोरगा. जिंकेल त्याची पुढच्या दोन वर्षांची फी, पुस्तकं, राहणं, सगळं मिळणार.

"आबा काय म्हणले?"
"म्हणले, जितली तर शिकू दे. हारली तर वरव्याला हळद."
"असं बोलले?"
"चारचौघांत बोलले. आता मागं फिरायचे न्हाईत. तुझाच बाप हाय."

गुरुवारी तेवीस तारखेला, संध्याकाळी. थेट दाखवणार.

१७ जाने. शुक्र.

का.भाईला सांगितलं. म्हणाला, तेरी बहन? टीव्हीमें? मग दुकानातल्या सगळ्यांना सांगत सुटला. शेठ म्हणाला, दुकानातले सेट गिऱ्हाइकासाठी, नोकरांचा सिनेमा न्हाई. बरं. का.भाईनं डोळा मारला. तेवीसला संध्याकाळी माहीमच्या एका काकूंकडं नवा सेट बसवायचाय. वेळ बरोबर तीच धरू म्हणाला. सेट चालतो का ते बघायला कार्यक्रम तर बघावाच लागतो.

आज काम धड झालं न्हाई. एक क्लॅम्प उलटा बसवला.

२१ जाने. मंगळ.

गुरुवारी आत जाऊन हौशीला भेटता येईल का बघायला टीव्ही केंद्राच्या दारापर्यंत गेलो. दारवान म्हणाला, पास? न्हाई. मग चालू पड. परत येताना मनात औटकी सुरू झाली आपोआप. बे औट सात, तीन औट साडेदहा. किती वर्षांनी! थांबवायला बघतो तर पाय त्याच तालात पडतात. म्हातारा कुठंही सोडत न्हाई.

सुरतवाल्याला सांगितलं, महिनाअखेरीला बघू.

२३ जाने. गुरु. झोपायच्या आधी लिहितोय, न्हाईतर उद्या विसरेन.

विसरणार न्हाई.

काकूंची गच्ची उंच. समुद्राचा वारा. अँटेना बांधली, खाली चित्र आलं. मी जिना उतरायला लागलो तेवढ्यात का.भाईची आरोळी, "गेलं! बबन, गेलं!" वर पळालो. भिंतीतला हूक सुटला होता. नवीन ठोकायला वेळ कुठला? दोन्ही हातांनी दांडा धरून उभा राहिलो. "आलं! हलू नको! तसाच ऱ्हा!"

आता सोडला तर खाली चित्र जाणार. हौशी जाणार. म्हणून धरून राहिलो. बहीण टीव्हीत आणि मी टीव्हीच्या डोक्यावर.

काकूंनी खिडकी उघडून आवाज मोठा केला. काकू चांगल्या. आणि का.भाई खिडकीतून मान काढून सांगत होता.
"दोन वेण्या. निळी रिबीन."
"घाबरली का?"
"तू घाबरलास. ती मस्त बसली."

अक्षरं आली. क, ल, द, ड, ब, र. पोरानं केलं 'बादली'. हौशीनं केलं 'कोलदांडा'. लोक हसले, मीपण हसलो. हा शब्द आबा मला हाक मारायला वापरायचे. तिला तो बरा आठवला. पुढं आकड्यांत पोरानं गाठलं. मग ती पुढं, मग तो. शेवटचा प्रश्न राहिला तेव्हा दोघं बरोबरीत.

कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी आकडे वाचले. चौदा, तीन, दोन, एक. प्रत्येक एकदाच वापरायचा. जमवायचे एकूणपन्नास.

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. हात भरून आले. वारा वाढला. दांडा फिरला की आवाजात खरखर. घट्ट धरला.

पोरगा आधी बोलला. चौदा त्रिक बेचाळीस, दोन आणि एक मिळवून पंचेचाळीस. चार कमी.

मग हौशी. पुटपुटली, पण माईकनं धरलं. तीच चाल. आबांची. बांधावरची. शेवटच्या अक्षरावर जरा वर उचलून, तशीच.
"एकाचे केले दोन भाग. त्यातला एक तिनात घातला, औट झाला. चौदे औट एकूणपन्नास."

माझे डोळे भरले ते वाऱ्यानं. असंच लिहितो.

बाई म्हणाल्या, औट म्हणजे?
"औट म्हंजी साडेतीन, बाई."
मग खाली गलका. दोन परीक्षक होते. एक म्हणाला, उत्तर तंतोतंत आहे, द्या गुण. दुसरा म्हणाला, नियमात अर्धा पाव चालत न्हाई, पूर्णच आकडा हवा, गुण पंचेचाळीसला. पहिला म्हणाला, मुलीला अर्धा वाटतच नसेल तर? दुसरा म्हणाला, वाटण्याचा प्रश्न न्हाई. बाई म्हणाल्या, निर्णय शाळांना कळवू. आणि बातम्या सुरू झाल्या.

मी वरून ओरडलो, "कोण जितलं?"
का.भाई म्हणाला, "अल्ला जाने."

२४ जाने. शुक्र.

सकाळी यष्टी स्टँडवर गेलो. हौशी आणि तिचे गुरुजी गाडीची वाट बघत होते. रात्री गुरुजींच्या साडूकडं राहिले. हौशी उंच झालीय. मला बघून आधी हसली, मग तोंड फिरवलं.
"दादा, बघितलंस?"
"आयकलं."
"टीव्ही असून आयकलं?"
दांड्याचं सांगितलं. हातावरचे वळ बघून म्हणाली, "आबा म्हणत्यात तू एका जागी उभा ऱ्हात न्हाईस."

गुरुजी बिचारे सारखं तेच बोलत होते. "मी हिला सांगितलं होतं, बाळ, अपूर्णांक घ्यायचा नाही." हौशी म्हणाली, "मी कुठं घेतला? दीड, अडीच, औट ह्ये आकडेच हायती की, गुरुजी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघांना औट एकाच माणसानं शिकवलाय. त्यात अर्ध्याची कुठं फट दिसत न्हाई.

गुरुजींनी तिकिटाच्या पाठीवर करून दाखवलं. चौदा आणि दोन सोळा, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि एक. झाले एकूणपन्नास. इतकं सोपं. दोघांनाही दिसलं न्हाई.

गाडी लागली. खिडकीतून म्हणाली, "वरवेवाले रविवारी येणार हायती, दादा."
मी म्हणालो, "आबा शब्द पाळतील."
"कंचा? जितलं तर म्हणाले व्हते. हारलं तर म्हणाले व्हते. ह्याचं काय?"

गाडी गेली.

२८ जाने. मंगळ.

काम. दोन अँटेना. काल एका घरी लहान पोरीनं विचारलं, वर चढून तुम्हाला काय दिसतं? म्हणालो, दुसऱ्या अँटेना.

वरव्याचे लोक आले असतील का रविवारी. सुपारी फोडली असेल का. सुरतवाला उद्या निघणार, येतोस का म्हणतोय. कापडं बांधून ठेवलीत. निघवत न्हाई.

३१ जाने. शुक्र.

सुरतवाला गेला. मी न्हाई गेलो. का ते माहीत न्हाई. माहीत आहे.

४ फेब्रुवारी, मंगळ.

नाना आला! पोती उतरवायच्या आधी त्याला चहाच्या टपरीवर धरून बसवलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

तेवीस तारखेला आबा घरी सांगून निघाले, नसरापूरला काम हाय. नसरापूरला न्हाई उतरले. तसेच शिवऱ्याला गेले. तिथल्या हॉटेलवाल्यानं टीव्ही आणलाय, ट्रकवाले बसतात बघत. आबा मागच्या बाकड्यावर, पटका डोळ्यांपर्यंत. चहा घेतला न्हाई, म्हणून हॉटेलवाला कुरकुरत होता.

"आणि मग?"
"मग काय. पोरगी चौदे औट म्हणाली, तसं म्हाताऱ्यानं मागून म्हणलं, एकूणपन्नास! तिच्याआधी. सगळं हॉटेल मागं बघाया लागलं."
"आणि परीक्षक न्हाई म्हणाला तेव्हा?"
"उठला. टीव्हीपुढं जाऊन उभा ऱ्हायला. बोट करून म्हणला, औट अर्धा कसा रं? माझ्या बापानं ह्याच औटकीवर उभी हयात मोजली. त्वा कुणाकडनं शिकलास? आता त्या डबड्यात बातम्या चाललेल्या. बातम्यावाली आपली बोलतीय, म्हातारा तिलाच इचारतोय. पोरं हसून लोळली."

मी हसलो. मग हसू थांबलं.

आणि वरव्याचे लोक? आले होते. आबांनी चहा पाजला, म्हणाले, टीव्हीवाल्यांचं मिटंस्तवर आमचा जबाब न्हाई. ते म्हणाले, पोरगी शहाणी लई झालीय. आबा म्हणाले, माझ्याकडनं झालीय. ते चिडून गेले. पण परत येणार न्हाईत असं काही बोलले न्हाईत.

माझ्याबद्दल काही? नाना बशीत फुंकर मारत बसला. मग म्हणाला, "हौशीकडनं कळलं, तसं म्या सांगितलं, बबन्या गच्चीवर दांडा धरून उभा व्हता. म्हाताऱ्यानं इतकंच इचारलं, किती उंच?"

७ फेब्रु. शुक्र.

हौशीचं कार्ड आलं. केंद्राचं पत्र शाळेत पोचलं. तो प्रश्न रद्द. बरोबरी कायम. शनिवारी बावीसला दोघांनी परत यायचं. एकच प्रश्न, आकड्यांचा. जो जवळ जाईल तो जिंकला. नियम आधीच वाचून दाखवणार. जाण्यायेण्याचं ज्याचं त्यानं बघायचं.

शाळा गुरुजींचं देते. हौशीचं घरून.

खाली बारीक अक्षरात: आबा आत्याकडं येऊन ऱ्हायलेत, रोज तिच्या बांधावर म्हणून घेतात. औटकी झाली, आता पाऊणकी. थांबवू कशी?

अरे देवा. तिथं पूर्ण आकडेच चालणार आणि हे तिला पाऊणकी पाजतायत!

९ फेब्रु. रवि.

दिवसभर डोक्यात तेच. तिला लिहायला पाहिजे, सगळं विसर, सोळा त्रिक कर, नुसते पूर्ण आकडे धर. पण ते लिहिलं तर कार्ड आत्याकडनं आबांच्या हातात जाणार. ते म्हणतील, बघा, पळालेला आता मास्तर झाला. आणि शिकवणं थांबवतील. शिकवणं थांबलं तर मग ती वरव्याचीच.

आणि खरं सांगायचं तर, ते बांधावर पुढं चाललेत, ती मागं म्हणतेय, धपाटा न्हाई. हे माझ्या वेळी झालं नसतं. तिच्या वाट्याला आलंय. ते मोडू कसं.

का.भाई म्हणाला, "बुढ्ढ्याला इथं बोलाव. समोरासमोर बोल." म्हणालो, ते येणार न्हाईत. म्हणाला, "तू बुलाया क्या?"

न्हाई बोलावलं. कधीच न्हाई.

आता बोलावतो. त्यांनी राहायचं माझ्या खोलीवर. तिघं जण आहोत, दोघं दोन रात्री दुकानात झोपतील, बोललो त्यांच्याशी. बावीसला सकाळी आबांना गच्ची दाखवीन. तिथं बसून तिघं आकडे मांडू. पूर्ण आकड्यांचं काय ते तेव्हाच तिला सांगीन, आबांच्या समोर, मग बोलू देत काय बोलायचं ते. ऐकतील का, माहीत न्हाई. ती जिंकेल का, तेही न्हाई.

१० फेब्रु. सोम.

पोस्टात गेलो. मनिऑर्डर. आबांच्या नावानं, पहिल्यांदाच. आजवर आत्याच्या नावानं पाठवत आलो. खाली निरोपाला जागा चार बोटं. दोन फॉर्म फाडले. कारकून म्हणाला, काय आहे ते लिहा की एकदाचं. लिहिलं: "आबा, हौशीला घेऊन तुमी या. बबन."

रक्कम किती, त्यानं विचारलं. दोघांचं येण्याचं भाडं, वाटेत चहा, परतीचं मी हितं काढून देईन. बोटं मोजत बसलो. मग म्हातारा मनात म्हणून गेला, त्याच चालीत.

दाहे औट पस्तीस.

रुपये पस्तीस.