पातळ रक्त

१२ डिसें.
दिवाळीनंतर ह्याइच्या हृदयात स्टेंट टाकला, तवापासून घरात फोडणीले तेल नावापुरतं. पण धंदाच तेलाचा. बस स्टँडजवळचं आपलं सांबारवडीचं, कोथिंबीर भरून तळलेल्या वडीचं दुकान, आमच्या लग्नाआधीपासूनचं. आज मी डबा घेऊन गेली तं हे कढईपाशी उभे, तोंडात वडी. काऊन खाता म्हटलं. म्हणे, "चव न पाहता गिऱ्हाइकाले कसं देऊ?"

१९ डिसें.
दवाखाना. डॉ. बाईंनी समजावलं. तेलकट खाणं रोजचं झालं की रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात, एकमेकींना धरतात, गुठळी होते. म्हणून रक्त पातळ ठेवायच्या त्या दोन गोळ्या. एकही चुकवायची नाही.
ऑटोत बसल्यावर हे म्हणाले, "म्हणजे मी जल्मभर जे तळलं तेच मले चिकटलं."


२७ डिसें.
हे खुशीत. मले धास्तीच वाटली. शर्ट धुवाले घेतला तं खिशात हिरव्या गोळ्यांची पत्ती. व्हिटॅमिन ई. पोरी तोंडाले लावतात त्या. कोण्या गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणे, यानं रक्त गोठत नाई.
"आता वडी खाल्ली तरी चिंता नाई."
डॉक्टरले विचारलं काय?
"जीवनसत्त्वच तं आहे. इख थोडी आहे."
सकाळी दोन, सांजच्याले दोन. कधीपासून ते सांगत नाई. पत्ती फेकून देली. दुसरी आणतीन, मले माहीत आहे.

४ जाने.
दात घासताना ह्याइच्या तोंडातून रक्त. दंडावर निळे डाग, कुठं आपटले नाई तरी. दवाखान्यात चला म्हटलं.
"थंडीत वडी खपते. पुढच्या हप्त्यात पाहू."
शीतलले हिंगणघाटले फोन केला. पोरगी फोनवरच रडाले लागली. मी तिले गप करत बसली. मले कोण गप करीन?

७ जाने.
सकाळी दुकानात पडले. कढई तापून होती. भिंतीकडं पडले म्हणून वाचले.
पोटात रक्त वाहून राह्यलं होतं. संडास डांबरासारखी काळी होत होती, मले सांगितलंच नाई. रक्ताच्या पिशव्या लावल्या.
डॉ. बाई म्हणाल्या, "आधीच्या दोन गोळ्या प्लेटलेटना चिकटू देत नव्हत्या, त्यात ही एवढी ई. त्यानंच झालं असं छातीठोक नाही सांगता येत, पण भर नक्की पडली असेल." सगळ्या गोळ्या बंद केल्या.

९ जाने.
रक्त थांबलं. मले वाटलं, सुटलो.
डॉ. बाईंनी बाजूले बोलावलं. "स्टेंट नवा आहे. गोळ्या बंद ठेवल्या तर त्यात गुठळी होऊ शकते. सुरू केल्या तर पोट पुन्हा वाहू शकतं."
हिंगणघाटहून आलेली शीतल म्हणे, "मंग करावं काय, मॅडम?"
"उद्या एक सुरू करू. लक्ष ठेवू."
मी बुद्धवंदना म्हणाले बसली. अर्ध्यात शब्दच आठवेना. रोजची वंदना.

१० जाने.
ओठ पांढरे पडले ह्याइचे. दुकानाचं काहीच विचारलं नाई, त्याचंच भ्या वाटलं. नर्सनं एक गोळी देली. हातात धरून पाहत राह्यले.
"ही वाचवते का मारते?"
"वाचवते," म्हटलं.
गिळली. मंग माझा हात धरला, आजवर चारचौघात कधी धरला नाई. तसेच झोपी गेले. मी त्याइच्या छातीकडं पाहून राह्यली, वर-खाली होते का ते.