कटिंग मशीनवरची ओवी

ता. ३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि. अक्षर वाकडं दिसेल, डाव्या हातानं लिहिते आहे. मंगळवारी, तुम्ही पूर्वी होता त्याच वह्यांच्या कारखान्यात, कटिंग मशीन पुसताना हात घसरला आणि पात्यानं उजव्या हाताची दोन बोटं कापली. टाके पडलेत, पण बोटं शाबूत आहेत, घाबरू नका. डॉक्टर म्हणतात, तीन महिने हात कामाला लावायचा नाही, नाहीतर बोटं कायमची आखडतील. मालक म्हणतात, तू जेवणाच्या सुट्टीत तिथं कडमडलीस, ते काम नव्हे, तू भरपाईला पात्रच नाहीस. मीही शहाणी, अर्जात खरी वेळ लिहून बसले. वीस तारखेला चौकशीला सरकारी निरीक्षकबाई येणार आहेत. नामंजूर झालं तर टाक्यांसकट कामावर जावं लागेल. आईला यातलं सांगितलेलं नाही.
काकूंना नमस्कार.
आपली, खारूताई

ता. ७ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचता वाचता चहा निवला. मग असा ताडकन उठलो की काकूनं विचारलं, काय चावलं? अगं, सुट्टीत पातं पुसायची पद्धत माझीच! मी तिथं फोरमन होतो तेव्हा मशीन दिवसभर धडधडायचं, थांबायचं ते फक्त जेवणाच्या भोंग्याला. पोरं पुसायला विसरत. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेल्या कविता अजून जिभेवर होत्या, त्याच चालीवर एक ओवी रचून पत्र्यावर रंगवली:

भोंगा होता थांबे पाते
पुसुनि घ्यावे आधी त्याते
मग डबा उघडा हाते
निवांतपणे

खाली मोठ्या मालकांनी कारखान्याचा शिक्का रंगवून घेतला होता. तू हसशील म्हणून कवी कोण ते कधी सांगितलं नाही. पाटी आहे ना अजून? निरीक्षकबाईंना तिच्यासमोर उभं कर. गुडघे धड असते तर मीच धावत आलो असतो.
तुझा, काका

ता. २१ मार्च

ती. काकांस,
सा. न. पाटी जागेवरच होती, रोज पाहून पाहून दिसेनाशी झाली होती! काल बाईंना थेट तिथं नेलं. त्यांनी ओवी मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली आणि विचारलं, कुणाची? मालकांना कौतुक आवरेना. म्हणाले, "आमच्या जुन्या फोरमनची. पातं पुसल्याशिवाय इथं कुणाला डबा उघडू देत नाही आम्ही, चाळीस वर्षं." बाईंनी ते शब्द तस्सेच उतरवून घेतले आणि कागद सहीसाठी पुढे केला. पेन हातात घेतल्यावर मालकांचा चेहरा उतरला. काका, मी पात्र ठरले! बोटं बरी होईपर्यंत घरी बसायचं, पगारासकट. पाटी मात्र बाईंनी काढायला सांगितली आहे. मालकांनी निरोप दिलाय, नवी ओवी पाठवा.
तुमची, खारूताई

ता. २५ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. काकूला पत्र तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती उठून गेली. पण एक सांगतो, पोरी. यमक जुळवण्याच्या नादात मी माणसांची सुट्टी खाल्ली आणि तुझी बोटं त्या पात्याखाली नेली. हे आधीच कळायला हवं होतं. नवी ओवी घे:

भोंगा होता डबा खावा
पाते पुसण्या वेळ घ्यावा
कामाचाच तो मानावा
एकेक क्षण

शिक्का मारायला विसरू नका म्हणावं.
तुझ्या उजव्या हातच्या पत्राची वाट पाहणारा,
काका