तीन डब्यांतली डाळ

रविवार, २ फेब्रुवारी

ह्यांचा गुडघा आज बरा. जयेशचा खोकला उतरला. अनुश्रीची पाठ तशीच — पोरगी बसमधून उतरली की दांडा धरून क्षणभर उभी राहते, मग पाऊल टाकते. माझं बीपी ठीक. झालं, आता मुद्द्याचं.

घर घ्यायचं ठरलं! एक्केचाळीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली, हे आमचं पहिलं. दोन जागा उरल्यात. एक पोलोग्राउंडकडचा फ्लॅट. इथून पायी दहा मिनिटं, खाली कारखान्यांची दिवसभर खडखड. दुसरं शहराबाहेर, सिमरोलकडे नव्या कॉलनीत — बैठं, छोटं, पुढे पेरूचं झाड. आमची सूनबाई अनुश्री तिथल्याच इन्स्टिट्यूटच्या ऑफिसात आहे. रोज जाऊन-येऊन तीन तास बसचे धक्के खाते. ते घर झालं तर चालत जाईल. तिचा जीव त्यातच. जयेशचं काय, लॅपटॉप उघडला की त्याचं ऑफिस. सोळा तारखेच्या रविवारी बयाना, म्हणजे इसाराचे पैसे, द्यायचा म्हणतात.

पण मला तो दलाल पटत नाही. मुकुल. गोड बोलतो. आज दुसऱ्यांदा नेलं, तेही रविवारी अकरालाच. का? रविवारी अकराला तर कुठलीही जागा चांगलीच दिसते! सिमरोलच्या पाण्याचं विचारलं तर म्हणे, "आंटीजी, पानी की तो आप फिकर ही मत करो." तेव्हापासून मला तीच फिकर.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ह्यांना विचारलं, तुम्हाला कुठलं आवडलं? "मला काय, कुठेही चालेल." आणि पेपर काखेत मारून निघाले तुकोजीरावांकडे. गल्लीच्या टोकाला राहतात, एकटेच. दोघं एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर खरादी होते. तुकोजीरावांची नजर गेली तेव्हापासून, नऊ वर्षं, हे रोज नऊ वाजता जाऊन पेपर वाचून दाखवतात. मंडीचे भावसुद्धा सोडत नाहीत. मी म्हटलं, त्यांना सांगितलंत का घराचं? म्हणाले, बघू.

दुपारी जयेश फोनवर अनुश्रीशी हळू आवाजात बोलत होता. मी गेले तसा गप्प. सिमरोलला दोनच खोल्या. आमची खाट कुठे मांडणार, हे अजून कुणी बोललेलं नाही. मीही विचारत नाही. बघतेच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझे वडील रेल्वेत. दर दोन-तीन वर्षांनी बदली. नव्या क्वार्टरात गेलं की आई सामान सोडायच्या आधी मूठभर तूरडाळ शिजायला लावायची. पाणी जड असलं तर डाळ शिजत नाही, दाणे दाणे राहतात. मग आई म्हणायची, इथे पोटं बिघडणार. मी शाळा चार बुकं शिकले, पण हे मात्र पक्कं शिकले.

तर उद्या परीक्षा! जयेशनं फ्लॅटमधून बाटली भरून आणली, अनुश्रीनं सिमरोलहून. तिसरं आपल्या नळाचं, ताळा पाहायला. एकाच पुड्यातली डाळ, तीन सारखे डबे. ओळखायला कडीला दोरे बांधलेत. घरचं पांढरा, पोलोग्राउंड लाल, सिमरोल काळा. कुठला दोरा कशाचा, हे कुणाला सांगितलेलं नाही. मुकुलचे जयेशला सारखे फोन असतात, कोण कुणाला काय बोलेल नेम नाही. फक्त इथे लिहिलंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अनुश्री साडेसातला गेली. मी तिन्ही डब्यांत डाळ भिजत घातली, पोहे केले, लिंबू चिरून ठेवलं आणि दूध आणायला गेले. येऊन कुकर लावला. पाच शिट्या.

पांढरा — लोणी. लाल — लोणी. काळा — दाणे जसेच्या तसे! बोटानं दाबले, चुरडेनात. चाखायचं काय त्यात? कचरा गाडीचं गाणं वाजतच होतं, ओल्या कचऱ्यात देऊन मोकळी झाले. वाटलंच होतं मला! फिकर मत करो म्हणे.

पोह्यांवर पिळायला बघते तर माझी लिंबाची फोड गायब. ह्या घरात मला एक फोड मिळू नये!

संध्याकाळी अनुश्रीला सांगितलं. शेकायची पिशवी घेऊन आत गेली. जयेश म्हणाला, मग पोलोग्राउंडच करू. हे म्हणाले, "पाण्यापुढे काही नाही."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ह्या डायरीच्या दोरीला मी दोन वेढे घालते. आज एकच होता. सून वाचते वाटतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

मुकुल आला, खांद्यावर वीस लिटरचा कॅन घेऊन. घाम निथळत होता. "आंटीजी, वहीं का पानी है. फिर से पका के देख लो." मी म्हटलं, कुठल्या नळाचं भरलंय मला काय ठाऊक? तो म्हणाला, "तो आप खुद चल के भर लो ना." आणि चहा न घेता गेला.

त्या पाण्यानं मी फरशी पुसली. पण त्याचं बोलणं मनात राहिलं. खोटा माणूस असं म्हणेल?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज काहीच लिहीत नाही. मुद्दाम.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आता लिहिते. काल ह्यांना सांगितलं, बहिणीकडे जाते. आणि अनुश्रीबरोबर तिच्या बसमध्ये बसले.

अरे देवा, ती बस! एकेक खड्डा माझ्या मणक्यात मोजून घ्या. पोरगी पाठीमागे दप्तर दाबून, डोळे मिटून बसते. चार वर्षं झाली, आणि मी घरी बसून म्हणत होते, आजकालच्या मुलींना सोसत नाही. वाटेत मी खाटेचं विचारलंच. ती म्हणाली, "आई, खिडकीकडची भिंत तुमची. मी गेल्याच आठवड्यात टेपनं मोजून आले. जयेशला म्हटलं, बयाना झाल्यावरच सांगू." मी बाहेर बघत बसले.

पेरूच्या झाडामागच्या नळावर स्वतःच्या हातानं बाटली भरली. आज हे पेपर घेऊन गेल्यावर डाळ लावली. तोच पुडा, तोच डबा.

लोणी!

म्हणजे पाणी गोड आहे. मग त्या दिवशी काय झालं? त्या सकाळी मी दुधाला गेले तेव्हा घरात हे आणि जयेश, दोघंच. जयेशला आज विचारलं, त्यानं स्वतःची एकच फोड घेतली होती, माझी नाही. आधीच लिंबू पिळलं की डाळ शिजत नाही. जयेशला चहासुद्धा करता येत नाही, त्याला हे कुठून कळणार? ज्यांना कळतं ते एकच. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी वरण शिजायच्या आधीच त्यात लिंबू पिळलं होतं, आणि ते दाणे कुणीतरी एक अक्षर न बोलता चावून खाल्ले होते.

आणि काळा दोरा सिमरोलचा, हे फक्त इथे लिहिलं होतं.

मी मुकुलवर संशय घेतला, सुनेवर घेतला. माझ्याच ताटासमोर बसणाऱ्यावर नाही घेतला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अहो, आज परत एकच वेढा आहे. म्हणजे कालचं वाचलंत. भांडणार नाही. गुडघा कसा आहे? तुकोजीराव बरे आहेत ना? त्यांना सोडून जायचं तुमच्या तोंडून निघत नव्हतं, ते मला कळतं. पण अनुश्री रोज दांडा धरून उभी राहते, तेही तुम्ही बघता. रविवारी बयाना आहे. पाणी गोड निघालं हे तिला तुम्ही सांगता की मी सांगू? उत्तराला खाली जागा सोडली आहे. लवकर लिहा.