चौदावा प्रश्न

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरीत रुळले एकदाची. सरकारी लोकसंख्या सल्लागार आयोग असं भारदस्त नाव. आमचा विभाग म्हणजे दोन खोल्या, एक डुगडुगतं टेबल आणि छतापर्यंत पोस्टरं. वाढत्या लोकसंख्येबद्दल लोकांना जागं करायचं, हे आमचं काम. पोस्टरांवर दोनच मुलं, गुबगुबीत, भांग पाडलेली. आपली पाच जणांची पलटण या चौकटीत मावली नसती, असं म्हटलं तर साहेब हसले नाहीत.

प्रश्नावली आधी ओळखीच्या दहा घरांत भरून बघा, असा त्यांचा हुकूम आहे. दहावं घर तुझं. सोबत कागद आहे, 'हो' किंवा 'नाही'वर खूण करायची. दादाला भरू देऊ नकोस, तो तुझं वयही कमी लिहील.

गुडघा जप, आणि माझी आठवण काढत राहा.

तुझं शेंडेफळ

१५ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

कागद भरून पाठवते आहे. गुडघा आहे तिथेच आहे. दादा म्हणतो, माणसं फार झालीत हे सरकारला आता कळलं. आपल्या न्हाणीघरापुढची रांग बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं. वेळेवर जेवत जा.

आईचे आशीर्वाद

२० मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

चौदावा प्रश्न कोरा आला. 'तुमचं शेवटचं मूल तुम्हाला हवं होतं का?' चष्मा नव्हता म्हणशील, पण तेरावा आणि पंधरावा बरा दिसला!

शेवटचं मूल मी. आई, माझं कशात लक्ष लागत नाही. काल चौकातलं पोस्टर उलटं चिकटवून आले. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं काय ते लिही, आणि लवकर लिही.

शेंडेफळ

२८ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून घरभर उगाच फिरते आहे. दादा विचारतो, काय हरवलं? काय सांगू त्याला?

खरं मागितलंस, तर घे. नको होतीस. चार पदरात होती, तुझ्या बाबांचा कारखाना बंद पडलेला, माझ्या अंगात त्राण नव्हतं. एका सोमवारी कुणाला न सांगता दवाखान्यात गेले. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या होत्या. मलाही भूक लागली. म्हटलं, घरी जाऊन दोन घास खाऊन येते. आज जाऊ, उद्या जाऊ करत परत जाणं राहूनच गेलं. माया दाटून आली वगैरे काही नाही, खोटं कशाला बोलू? कंटाळा केला.

पुढे तू दोन वर्षांची असताना बाजारात हात सुटला. तासभर सापडली नाहीस. मी अनवाणी धावत होते, दिसेल त्या दुकानदाराच्या पाया पडत होते. चार मुलं घरी सुखरूप होती, पण त्या तासात त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा डोळ्यांपुढे येईना.

कुठल्या दिवसाचं उत्तर द्यायचं, ते तुझ्या कागदावर लिहिलेलं नाही. म्हणून कोरं सोडलं. त्या सोमवारचं विचारशील तर 'नाही'. बाजारातल्या त्या दिवसाचं विचारायला कुठलं सरकार आलं नाही.

रागावलीस तर रागाव, पण अबोला धरू नकोस. जीव थाऱ्यावर नाही.

आई

६ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझा भयंकर राग आला, मग त्या डॉक्टरीणबाई काय जेवल्या असतील याचाच विचार करत बसले. साहेबांना म्हटलं, या प्रश्नापुढे तारखेला जागा हवी. ते म्हणाले, आयोगाला टक्केवारी हवी, कहाण्या नकोत.

मग मीच 'नाही'वर खूण केली आणि कागद जमा केला. खरं ते खरं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. राग अजून गेलेला नाही, समोर बसून भांडायचं आहे. गुडघा दुखत असला तरी थांब्यावर घ्यायला ये. तिथे फार गर्दी असते, आणि मला तुझा हात धरायचा आहे.

तुझंच,
शेंडेफळ