बडोद्याहून आलेलं पाणी

तोंडवली

प्रिय बाय संचिता,

तुझं छापचित्र पोचलं. ओटीवरच्या भिंतीला धरलं मात्र, निळ्या-नारिंगी रेषा चालायलाच लागल्या. शेजारचा बाबली दारातूनच ओरडला की दत्ताराम, तुझी भिंत हालता रे! तुझी आवस म्हणाली, माका भोवळ येता, त्याचा तोंड फिरवून ठेवा. आणि पेज ढवळता ढवळता चार वेळा येऊन बघून गेली.

मी मात्र तुझी लबाडी पकडली हो. अंगठ्याने मापत गेलो, तर एकही रेष हलत नाही. प्रत्येक रेष आधीच्या रेषेपेक्षा केसभर बारीक, बस. जाळ्याचे आस, ती गाठींमधली भोकं, शेवटी मासे साठतात त्या खोळीकडे असेच लहान होत जातात. माझ्याबरोबर जाळं विणताना तू किती गाठी चुकवायचीस, आणि मी म्हणायचो, ह्या चेडवाक काय जमूचा नाय. इथे बघतो तर एक गाठ चुकलेली नाही.

रोज सकाळी चहा घेऊन चित्रासमोर उभा राहतो. सुकतीचं पाणी खाडीतून ओढत बाहेर जातं तसं ते चालतं, आणि माझे पाय आपसूक फाकतात. होडी विकून दोन वर्षं झाली, पण पायांना कोण सांगणार? तुझा फोन आला की आवस बोलते, मी बाजूला सुपारी कातरत कान लावून बसतो. तू माझी चौकशी केलीस की लांबूनच सांगतो, बरो आसय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. जुन्या फळीची चौकट मीच केली. चित्र बसवताना खाली पेन्सिलीचं काहीबाही दिसलं. एका कोपऱ्यात तीन, मग तिरकी रेघ, मग वीस. दुसऱ्या कोपऱ्यात नुसती गिचमीड. मला वाटलं, छापखान्याची खूण. खोडरबराने नीट पुसलं, वर फुंकरही मारली. काल तेजस्वी आली, शाळेत चित्रकला शिकवते ती. कपाळाला हात लावून म्हणाली, काका, ती संचिताची सही होती, आणि ते आकडे म्हणजे वीस छापांतला हा तिसरा! बाय, चित्रं शिकायला बडोद्याला जाते म्हणून तू घर सोडलंस त्या दिवशी होडीवरचं तुझं नाव मी रागाने रंग फासून झाकलं होतं. ते कळून केलं, हे न कळता. तेजस्वी म्हणते, कुरियरने पाठवा, सही होऊन येईल. मी नाही पाठवणार. काच अजून बसवलेली नाही, पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय. सहा वर्षं झाली गो. ये, आणि तुझ्या हाताने नाव घाल.

तुझोच बापूस,
दत्ताराम